दीड पाऊल आणि चार बोटं

टिटवीला अष्टपैलू म्हणावं, तर एक पैलू कमीच पडायचा. हेप्टॅथलॉनमध्ये खेळ सातच असतात. पहिल्या दिवशी अडथळ्यांची शर्यत, उंच उडी, गोळाफेक आणि दोनशे मीटर. दुसऱ्या दिवशी लांब उडी, भालाफेक आणि सगळ्यात शेवटी, अंगात काही म्हणता काही उरलेलं नसताना, आठशे मीटर. सातही खेळांचे गुण जोडायचे आणि जिचे जास्त ती जिंकली. लोक विचारायचे, "तू नक्की खेळतेस तरी काय?" ती सांगायला लागली की तिसऱ्या खेळापर्यंत समोरच्याचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असायचं.

लांब काटकुळ्या तंगड्या, आणि चिडली की मैदानभर ऐकू जाईल असा आवाज, म्हणून ती टिटवी. चौदा वर्षं तिनं हा उद्योग केला. देशात तिसरी आली, दुसरी आली, एकदा पहिलीसुद्धा आली. पण जिथं सगळं जग जमतं त्या मोठ्या स्पर्धेला जायला जेवढे गुण लागतात, तेवढे काही तिच्याकडून कधी झाले नाहीत. दर वेळी थोडक्यात हुकायचं. सपशेल हुकलं असतं तर बरं झालं असतं. माणूस घरी जातो, रडतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. थोडक्यात हुकलं की तो मेला पुन्हा पहाटे उठून पळायला जातो.

तिच्याबरोबर पहाटे उठणारा आणखी एक जण होता, तिचा दादा. तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा, धंद्यानं फरशी बसवणारा. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून हिला त्यानंच वाढवलं. टिटवीचे खरे कोच दुसऱ्या शहरात निघून गेले तेव्हा त्यानं कोचिंगचं कामही अंगावर घेतलं. पुस्तकं वाचली, फिल्म बघितल्या, दहा जणांना विचारून दहा जणांचं डोकं खाल्लं, आणि खरं सांगायचं तर जमवलं. त्याचं लग्न दोन वर्षं टिकलं. "तुमच्या घरात मी पाहुणी आहे," असं म्हणून बायको गेली ती गेलीच. दिवसभर गुडघ्यांवर बसून फरश्या ठोकायच्या आणि संध्याकाळी मैदानावर उभं राहायचं, असं त्याचं आयुष्य. त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले आणि टिटवीच्या डाव्या गुडघ्याचं मागच्या वर्षी ऑपरेशन झालेलं. दोघांचे मिळून चार गुडघे, त्यातला धड एकच, असं तो येईल त्याला सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

ऑपरेशननंतरचा हिवाळा त्यांनी एका गोदामामागच्या मैदानावर काढला. तिथला वाळूचा खड्डा मांजरांनी आपला मानलेला होता. रोज आधी खोऱ्यानं वाळू वरखाली करायची, नाक दाबून काय काढायचं ते काढायचं आणि मग उड्या.

लांब उडीची एक गंमत असते. खड्ड्याच्या अलीकडे जमिनीत पांढरी फळी बसवलेली असते. पाय त्या फळीवर पडला पाहिजे. पुढे गेला तर उडी बाद, मागे राहिला तर तेवढं अंतर फुकट गेलं, कारण मोजणारे फळीपासूनच मोजतात. म्हणून पळायला सुरुवात कुठून करायची, ते टेप धरून ठरवायचं आणि तिथं खूण चिकटवायची. ती खूण चुकली की सगळंच चुकलं. सरावाला खूण दादा लावायचा. उडी झाली की टेपही तोच धरायचा, आणि टिटवी धापा टाकत परत चालत निघाली की मागून आकडा ओरडून सांगायचा. हे इतकी वर्षं चालत आलेलं होतं. खूण कुठं आहे ते वाकून पाहावं, असं तिच्या कधी मनातही आलं नाही. भावानं लावलेली खूण कोणी तपासतं का?

हिवाळ्याच्या सुरुवातीला आकडे बेताचे होते. मग हळूहळू वाढत गेले. हिवाळा संपता संपता एका संध्याकाळी दादा ओरडला, "सहा!" ऑपरेशनच्या आधीसुद्धा सहा मीटर तिनं मोजून दोनदाच मारले होते. ती वाळूतून तशीच धावत आली आणि त्याच्या गळ्यात पडली. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, उसवलेला गुडघा शिवून घेतलेल्या बाईनं सहा मीटर मारले, म्हणजे काय थट्टा आहे?

त्याच आठवड्यात शाळेचं विचारणं आलं. गावाबाहेरची मोठी शाळा. तिथल्या मुख्याध्यापिकेनं स्वतः फोन केला. खेळाच्या बाईंची जागा रिकामी होती, राहायला शाळेच्या आवारातच खोली होती, आणि उत्तर आठ दिवसांत हवं होतं. टिटवीनं त्या रात्री जेवताना दादाला विचारलं, "काय करू?"

दादा बराच वेळ ताटातलं चिवडत बसला. मग म्हणाला, "सहा उडणाऱ्या बाईनं पोरींना रांगेत उभं करून शिट्ट्या मारायच्या? तुझं तू बघ."

तिनं बघितलं आणि नाही कळवलं. जागा तिच्या मैत्रिणीनं घेतली. ही मैत्रीण दहा वर्षं तिच्याशी हेप्टॅथलॉन खेळलेली, गोळा असा फेकायची की पलीकडचे पंच मागे सरकायचे, म्हणून तिला सगळे तोफ म्हणायचे. "मूर्ख आहेस," तोफ फोनवर म्हणाली, "पण सहा पडत असतील तर मीही हेच केलं असतं."

त्या वर्षी टिटवी एकाच स्पर्धेत उतरणार होती. गुडघा राखून ठेवायचा म्हणून बाकीच्या सोडल्या. मोठ्या स्पर्धेचे गुण इथं झाले तर झाले, नाहीतर पुढच्या वेळेला, म्हणजे चार वर्षांनी, ती सदतीस वर्षांची असती, म्हणजे विषयच संपला. दादानं आणि तिनं बसून हिशेब केला होता. अडथळ्यांत गुडघा थोडं मागे ओढणार, उंच उडी जेमतेम, गोळा नेहमीसारखा. आणि ही सगळी तूट लांब उडी भरून काढणार. सहा पडले तर जमतं. सहाच्या आत पडली तर नाही. यात घासाघीस करायला जागाच नव्हती.

पहिला दिवस ठरल्यासारखा गेला. तिचे सरावातले आणि स्पर्धेतले आकडे अगदी जुळले, ना कमी ना जास्त. रात्री लॉजच्या खोलीत ती भिंतीला पाय लावून पडली होती आणि दादा खिडकीशी उभा होता. एरवी अशा रात्री तो बडबडून जीव नकोसा करायचा. आज नुसता खिडकीची कडी लावत होता, काढत होता.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. उद्या स्पर्धेचा जोश असेल ना, पाऊल लांब पडतं. जोशात नेहमी लांब पडतं."

"मग खूण मागे घेऊ?"

"नको," तो घाईनं म्हणाला. "नेहमीचीच ठेव. जुनीच."

सकाळी ऊन चांगलं होतं आणि वारा पाठीकडून. स्पर्धेत कोच मैदानात येऊ शकत नाहीत, त्यांना कठड्याबाहेर उभं राहावं लागतं. त्यामुळे खूण टिटवीनं स्वतः लावली. आकडा पाठ होता, सहा-सात वर्षं तोच. खड्ड्यापाशी पंचांची टोपी घालून तोफ उभी होती. शाळांतल्या खेळाच्या शिक्षकांनाच पंच म्हणून बोलावतात, त्यात ही आली होती. पंचांनी खेळाडूंशी गप्पा मारायच्या नसतात, म्हणून तिनं फक्त डोळा मारला. टिटवीला बरं वाटलं. ओळखीच्या माणसाच्या तोंडून सहा ऐकायला मिळणार होते.

पहिली उडी. ती पळत सुटली, लय छान लागली, शेवटच्या पावलाला फळी शोधली तर फळी पुढे राहिलेली. चांगली दोन विती पुढे. फळीच्या मागूनच ती उडाली आणि वाळूत पडली तेव्हाच तिला कळलं.

"पाच पंचवीस," तोफ म्हणाली आणि तिच्याकडे न बघता टेप गुंडाळायला लागली.

असं होतं. सुरुवातीला धसका असतो, पाऊल आखूड पडतं. टिटवीनं खूण हलवली नाही. जुनी खूण कशी चुकेल? चुकलं असेल तर पाय चुकला. दुसऱ्या वेळी तिनं फळी गाठायचीच म्हणून शेवटची तीन पावलं ताणली. फळी मिळाली, पण ताणलेल्या पावलानं सगळा वेग खाऊन टाकला आणि ती उडायच्या ऐवजी नुसती खड्ड्यात उतरली. डावा गुडघा कळवळला. आकडा पहिल्यापेक्षा थोडा बरा, पण कामाचा नाही.

हेप्टॅथलॉनमध्ये उड्या तीनच मिळतात. टिटवीच्या तोंडचं पाणी पळालं. ती कठड्याकडे वळली. दादा कठडा दोन्ही हातांनी धरून उभा होता, चेहरा पांढराफटक. तिनं हातानंच विचारलं, काय करू?

कोच अशा वेळी "जरा पुढे घे" म्हणतो, "अर्धं पाऊल घे" म्हणतो. लांबून त्याला तेवढंच दिसतं.

दादा ओरडला, "पुढे घे! दीड पाऊल! दीड पाऊल आणि चार बोटं!"

ती निमूटपणे खुणेकडे चालत गेली. बुटाला बूट लावून एक पाऊल मोजलं, मग अर्धं. मग खाली बसली आणि चार बोटं जमिनीवर टेकवली. तेव्हा, खूण उचलून पुन्हा चिकटवताना, तिच्या डोक्यात आलं की चार बोटं त्याला कुठून दिसली? तिथून तिचा बूटसुद्धा धड दिसत नसणार.

विचार करायला वेळ नव्हता. पंचानं इशारा केला आणि ती सुटली. पावलं आपोआप पडत गेली, एकही ताणावं लागलं नाही, एकही आवरावं लागलं नाही. फळी तळपायाखाली आली तेव्हा असा कडक आवाज झाला की तिला ऑपरेशनचा विसर पडला. हवेत असतानाच तिला ठाऊक होतं, यापेक्षा चांगली उडी तिच्याकडून होणार नाही. संपूर्ण हिवाळ्यातली ही सगळ्यात चांगली उडी. ती वाळूतून उठली, पंचाचं निशाण पांढरं, म्हणजे उडी बाद नाही, हे पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

तोफ टेपवर वाकली. "पाच एकाहत्तर."

"नीट बघ."

तोफ पुन्हा वाकली. पंचानं असं करायचं नसतं, पण ती वाकली. "पाच एकाहत्तरच आहे गं," ती हळूच म्हणाली.

टिटवी वाळूकडे बघत राहिली. फळी इथं, तिच्या टाचांचा खड्डा तिथं. मधलं अंतर तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. गोदामामागच्या मैदानावर ती रोज एवढीच उडत होती, आणि याच अंतराला सहा म्हणायला तिचे डोळे शिकले होते. तिनं कठड्याकडे पाहिलं. दादा तिच्याकडे बघत नव्हता. तो मान खाली घालून स्वतःच्या चपला बघत होता.

तोफही त्याच्याकडेच बघत होती. मग तिनं टोपी खाली ओढली आणि पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.

हेप्टॅथलॉनमध्ये एखादा खेळ सोडला की तुमचं नाव निकालातूनच जातं, म्हणून सगळ्या जणी मेल्या तरी शेवटपर्यंत खेळतात. टिटवीनं भाला फेकला. बरा गेला. त्याचा आता काही उपयोग नव्हता, पण भाल्याला ते कोण सांगणार? संध्याकाळी ती आठशे मीटर धावली. गुडघ्यात सुया टोचत होत्या आणि डोक्यात फक्त एकच गोष्ट घोळत होती, की दीड पाऊल आणि चार बोटं हे एका दिवसात झालेलं नाही. आधी दोन बोटं सरकली असतील, मग वीतभर. आणि सरकवणाऱ्यानं दर वेळी मोजून सरकवलं असेल, कारण तो माणूस फरशीसुद्धा डोळ्याच्या अंदाजानं बसवत नाही.

शर्यत संपली की या खेळात सगळ्या जणी हातात हात घालून मैदानाला एक फेरी मारतात. पहिली आलेली आणि शेवटची आलेली, सगळ्या एका रांगेत. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात. टिटवीला ही फेरी एरवी सातही खेळांपेक्षा जास्त आवडायची. आज तिचा डावा हात एका एकोणीस वर्षांच्या मुलीच्या हातात होता, आणि ती मुलगी आनंदानं हुंदके देत होती.

"ताई, तुम्हाला बघून मी हा खेळ घेतला," मुलगी म्हणाली.

सोड, आत्ताच्या आत्ता सोड, असं टिटवीच्या अगदी ओठांवर आलं. "छान," ती म्हणाली आणि प्रेक्षकांना हात केला.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर तोफ थांबली होती. टोपी काढलेली, हातात पाण्याची बाटली. दोघी जिन्यावर बसल्या.

"तुला कळलं?" टिटवीनं विचारलं.

"तो ओरडला तेव्हाच." तोफेनं बाटली पुढे केली. "मला वाटलं होतं, शाळेला तू हो म्हणशील. त्यांना तूच हवी होतीस. मी दुसऱ्या नंबरवर होते."

"कसं आहे तिथं?"

"चांगलं आहे," तोफ म्हणाली. मग ओशाळली. "खोलीला खिडक्या आहेत दोन्ही बाजूंनी."

तोफेला शाळेतून स्पर्धा बघायला आणलेल्या मुलींना घेऊन परत जायचं होतं. जाताना तिनं टिटवीला अशी मिठी मारली की बरगड्या दुखल्या, आणि ती गेली.

बसथांब्यावर दादा तिची बॅग मांडीवर घेऊन बसला होता. बाकावर दुसरं कोणी नव्हतं. टिटवी त्याच्याशेजारी बसली नाही, समोर उभी राहिली. ती ओरडेल अशी त्याची अपेक्षा असावी. तो अंग चोरून बसला होता. पण तिचा आवाज कुठंतरी आतच बसला होता.

"कधीपासून?"

"ऑपरेशननंतर पहिल्यांदा उडी मारलीस ना, तेव्हापासून," दादा म्हणाला. "तू वाळूत पालथी पडून राहिलीस. उठेचनास. म्हणालीस, मी संपले. मी टेप बघितली आणि वीतभर वाढवून सांगितलं. त्या दिवशी तू घरी येऊन पोटभर जेवलीस. कितीतरी दिवसांनी."

"आणि खूण?"

"पाऊल आखूड झालं होतं तुझं. जुन्या खुणेवरून फळी मिळाली नसती, तुला लगेच कळलं असतं. मग थोडी पुढे घेतली. मग आणखी थोडी. मला वाटलं, गुडघा सुधारेल, पाऊल वाढेल, मी तसतशी मागे नेईन. कोणाला कळणारही नाही." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "काल रात्री सांगणार होतो. देवाशपथ सांगणार होतो. मग वाटलं, जोशात पडेल लांब."

"शाळेचा फोन आला त्या आठवड्यात मी किती उडत होते? खरं सांग."

"पाच पासष्ट," दादा म्हणाला. विचारच करावा लागला नाही त्याला.

"म्हणजे जमणार नाही हे तुला तेव्हाच माहीत होतं."

दादानं मांडीवरची बॅग जवळ ओढली.

"माझ्यासाठी केलंस म्हणतोस. मी रडू नये, जेवावं म्हणून. ठीक आहे. पण त्या दिवशी मी तुला सरळ विचारलं होतं, काय करू म्हणून. त्या दिवशी तोंड का नाही उघडलंस?"

दादानं बॅगेचा पट्टा एकदा आवळला, पुन्हा सैल केला. त्याच्या नखांत सिमेंट होतं, ते कधीच पुरतं निघायचं नाही.

"तू तिकडं राहायला गेली असतीस," तो म्हणाला. "कामावरून सुटल्यावर मी कुठं गेलो असतो?"

हे उत्तर टिटवीला अपेक्षित नव्हतं. तिनं दिवसभर मनात भांडण तयार केलं होतं, एकेक वाक्य घासून ठेवलं होतं, आणि त्यातलं एकही इथं चालणार नव्हतं. तिला त्याचा भयंकर राग आला होता. आणि त्याच वेळी तिला दिसत होतं की आता तिलाही संध्याकाळी कुठं जायचं नाही. शाळा गेली, मोठी स्पर्धा गेली, आणि घरी त्या दोन खोल्यांत ही दोनच माणसं. त्याच्यावर चिडून ती जाणार कुठं होती? त्याच बसनं, त्याच घरी.

बस आली. दादा दाराच्या दांड्याला धरून एकेक पायरी चढला. ती मागून चढली आणि जागा असूनही त्याच्या शेजारी बसली, कारण बॅग त्याच्याकडे होती. शहरातले दिवे मागे पडले.

मग दादानं खाकरून घसा साफ केला.

"शेवटचं दाखवायला गेलो होतो ना, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते मला. असे गुडघे दुसऱ्या वर्षी सुधारतात. पहिल्या वर्षाचं धरायचंच नाही."

टिटवी खिडकीबाहेर बघत होती. "मला नाही म्हणाले."

"तू बाहेर गेली होतीस तेव्हा. औषधं आणायला."

ती बाहेर गेली नव्हती. दोघंही पूर्ण वेळ एकाच खोलीत होते, शेजारी शेजारी दोन खुर्च्यांवर. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरून सांगितलं होतं की चालण्याफिरण्यापुरता हा गुडघा जन्मभर पुरेल, बाकीचं विसरा. ते ऐकताना दादानं तिचा हात धरला होता.

बस एका वळणावर वळली आणि बॅग दोघांच्या मधे घसरली. टिटवीनं ती सरळ करून मांडीवर घेतली.

"दुसऱ्या वर्षी म्हणाले?" तिनं विचारलं.

"दुसऱ्या वर्षी. नक्की."

"बरं," ती म्हणाली. "मग उद्या आराम करू. परवा जाऊ मैदानावर."